तार कुठे तुटली?

‘नेट गेलं’ असं आपण म्हणतो. वीज जाते, पाणी जातं, तसंच नेटही जातं. पण वीज गेली की माणूस आधी खिडकीतून शेजारच्या घराकडे बघतो. तिथे दिवा दिसला तर आपला फ्यूज उडाला, नाही दिसला तर सगळ्या आळीचीच वीज गेली, असा हिशोब क्षणात होतो. नेटच्या बाबतीत ही सवय आपल्याला अजून लागलेली नाही. नेट गेलं की आपण मोबाइलकडेच रागाने बघतो, तो बंद करून चालू करतो, हातात उंच धरून अंगणात फिरतो. आणि पलीकडे आपलं माणूस असेल तर मनात भलत्यासलत्या शंका यायला लागतात. या शंकांबद्दल मला आज बोलायचं आहे, आणि तार नेमकी कुठे तुटते त्याबद्दलही.

गोष्ट २००८ सालची. माझ्या खालाचा मुलगा तेव्हा कुवेतला नोकरीला होता. आमच्या कोकणातल्या मुसलमान वस्त्यांमध्ये घरटी एखादा माणूस आखातात असतोच. त्याच्या आधीच्या पिढीत तो बोटीवर असायचा. दर शुक्रवारी जुम्म्याची नमाज झाली, जेवणं आटोपली की खालाकडे फोन यायचा. तो तिकडे स्वस्तातलं कार्ड घेऊन बोलायचा. कार्डावरचं हे बोलणं इंटरनेटच्या वाटेने यायचं, म्हणून ते स्वस्त पडायचं. १ फेब्रुवारी २००८च्या शुक्रवारी हा फोन आला नाही. संध्याकाळपर्यंत खाला फोनच्या तिपाईजवळून हलली नाही. मगरीबनंतर तिने मला बोलावून घेतलं आणि म्हणाली, ‘‘तू शिकलेला आहेस, खरं काय ते सांग. त्याला काही झालंय का?’’

मी बी.ए. झालेला माणूस, तेही मराठी घेऊन. मला काय कळणार! पण दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात बातमी होती, ती मी तिला वाचून दाखवली. बुधवारी, ३० जानेवारीला, इजिप्तमधल्या अलेक्झांड्रिया शहराजवळ समुद्रातल्या दोन मोठ्या केबल तुटल्या होत्या. एकीचं नाव सी-मी-वी ४, दुसरीचं फ्लॅग. युरोप आणि आशिया यांना जोडणाऱ्या वाटांमधल्या या दोन मोठ्या वाटा. शुक्रवारी त्यात भर पडली. दुबई आणि ओमान यांच्यामधली फाल्कन नावाची तिसरी केबल तुटली. भारताची परदेशाशी बोलण्याची जवळजवळ निम्मी क्षमता गेली, असं त्या वेळच्या बातम्या सांगत होत्या. इजिप्त आणि आखाती देशांचेही हाल झाले.

खालाने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘‘समुद्रात तार? ती कशाने तुटली?’’ मी म्हटलं, बहुतेक बोटीच्या नांगराने. तेव्हा ती पहिल्यांदा हसली. माझे खालू उभा जन्म बोटीवर खलाशी होते. ती म्हणाली, ‘‘मग होणारच. नांगर टाकताना खाली बघतंय कोण?’’ पुढे फाल्कन केबल दुरुस्त करायला जहाज गेलं, तेव्हा तुटल्या जागी खरोखरच एक टाकून दिलेला नांगर सापडला. वजन पाच-सहा टन. ही बातमी मी तिला मुद्दाम जाऊन सांगितली.

आपण मोबाइल कानाला लावतो, त्याला तार दिसत नाही, म्हणून इंटरनेट हवेतून येतं असं आपल्याला वाटतं. त्यात माहितीच्या साठ्याला ‘क्लाउड’ म्हणजे ढग म्हणायची पद्धत पडली. हा शब्द ज्याने काढला तो आमच्या जमातीतला, म्हणजे कवीच असला पाहिजे. शब्द गोड आहे, पण त्याने लोकांची दिशाभूल केली. मोबाइलपासून जवळच्या टॉवरपर्यंतचा टप्पा हवेतून जातो, तिथून पुढे बहुतेक सगळा प्रवास जमिनीखालून, खांबांवरून आणि समुद्राच्या तळावरून होतो. एका खंडातून दुसऱ्या खंडात जाणाऱ्या मजकुरापैकी ९५ टक्क्यांहून जास्त मजकूर समुद्राखालच्या केबलमधून जातो. उपग्रहांच्या वाट्याला फार थोडा येतो.

ही व्यवस्था नवीनही नाही. मुंबई ते एडन ही तारयंत्राची केबल १८७० साली समुद्रात पडली. त्या काळातलं सर्वांत अवाढव्य जहाज, ‘ग्रेट ईस्टर्न’, त्यासाठी मुंबईला आलं होतं. त्याच वर्षी मुंबईची तार एडन, सुएझमार्गे थेट इंग्लंडपर्यंत पोचली. तेव्हा तांब्याच्या तारेतून विजेचे टिंब आणि रेघा जात. आता केसासारख्या बारीक काचेच्या तंतूंतून उजेड जातो. वाट जवळजवळ तीच, एडनवरून तांबड्या समुद्रातून वर. ही वाट इतकी चिंचोळी आहे की तिथे एक अपघात झाला तरी मुंबईला झळ लागते. फेब्रुवारी २०२४मध्ये ‘रुबीमार’ हे मालवाहू जहाज येमेनजवळ क्षेपणास्त्राने जखमी झालं. खलाशी उतरून गेले, जहाज नांगर ओढत भरकटत राहिलं आणि शेवटी बुडालं. त्याच सुमारास तिथल्या तीन केबल तुटल्या, त्या याच नांगराने तुटल्या असाव्यात असं मानलं जातं. लढाईच्या दिवसांत त्या पाण्यात दुरुस्तीचं जहाज न्यायला परवानगी मिळेना, विमा मिळेना. दुरुस्तीला कित्येक महिने लागले. सप्टेंबर २०२५मध्ये जेद्दाजवळ पुन्हा दोन केबल तुटल्या. त्यांतली एक ही २००८ची आपली ओळखीची सी-मी-वी ४. त्या वेळी भारत, पाकिस्तान आणि अमिरातींमध्ये नेट मंदावलं.

या केबलची जाडी किती असावी? मोठ्या समुद्रात ती बागेला पाणी घालायच्या नळीएवढी असते. किनाऱ्याजवळ तिला पोलादी तारांचं चिलखत घालतात आणि जमेल तिथे तळात पुरतात, कारण धोका तिथेच जास्त. शार्क मासा केबल चावतो वगैरे गोष्टी ऐकायला बऱ्या, पण खरे गुन्हेगार म्हणजे मासेमारीची जाळी आणि जहाजांचे नांगर. जगभरात वर्षाला दीडशे ते दोनशे वेळा कुठे ना कुठे केबलला इजा होते. मग हे आपल्याला कळत कसं नाही? कारण एक वाट बंद झाली की मजकूर आपोआप दुसऱ्या वाटेने वळवला जातो. घाटात दरड कोसळली की आपली एसटी दुसऱ्या घाटाने जाते, तसंच. प्रवास लांबतो, गर्दी होते, पण गाडी पोचते. एकाच वेळी दोन-तीन घाट बंद झाले, की मग आपल्या घरात आरडाओरडा सुरू होतो.

दुरुस्तीची पद्धत मला फार आवडते. तुटलेल्या केबलच्या एका टोकातून उजेडाचा ठोका पाठवतात. तुटल्या जागेवरून तो थोडासा परत फिरतो, विहिरीत हाक मारल्यावर यावी तशी त्याची हाक परत येते. उजेड काचेतून सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. हाक परत यायला सेकंदाचा हजारावा भाग लागला, तर उजेड जाऊन-येऊन दोनशे किलोमीटर चालला, म्हणजे तार शंभर किलोमीटरवर तुटली. मग तिथे जहाज जातं, लोखंडी गळ तळावरून ओढत केबलचं टोक पकडतं, वर काढतं. एक टोक तरंगत्या पिंपाला बांधून ठेवायचं, दुसरं शोधायचं, मध्ये नवा तुकडा घालायचा, आणि काचेचा एकेक तंतू वितळवून जोडायचा. हवा बिघडली की काम थांबतं. भारतापाशी अशी केबल दुरुस्त करणारं स्वतःचं जहाज नाही, ते असायला हवं, हा विषय ‘ट्राय’ने २०२३च्या शिफारशींमध्ये मांडला होता. २०२२च्या अखेरीस भारतात सतरा आंतरराष्ट्रीय केबल किनाऱ्याला लागत होत्या. त्यातल्या बऱ्याचशा मुंबईत वर्सोव्याच्या लहानशा पट्ट्यात वर येतात. चौपाटीवर फिरणाऱ्यांच्या पायाखाली काय आहे, याचा त्यांना पत्ताही नसतो.

हेच काम आमच्या रस्त्याच्या कडेलाही चालतं. पावसात डोक्यावर ताडपत्री धरून, मांडीवर छोटं यंत्र घेऊन एक पोरगा बसलेला असतो. तो काचेचे दोन केस समोरासमोर धरतो, यंत्रात बारीकशी ठिणगी पडते आणि ते एकजीव होतात. हात ओला नको, धूळ नको. अशा वेळी आपण छत्री घेऊन त्याच्याशेजारी उभं राहायचं सोडून ‘अजून किती वेळ?’ असं विचारतो.

जमिनीवरची तार तोडणारा मुख्य इसम म्हणजे जेसीबी. पाण्याची पाइपलाइन टाकायची म्हणून एक खातं खणतं आणि दुसऱ्याची केबल उपटतं. एकमेकांना न विचारता केलेल्या अशा खोदकामाने देशाचं वर्षाला सुमारे तीन हजार कोटी रुपयांचं नुकसान होतं, असं केंद्र सरकारनेच सांगितलं आणि मार्च २०२३मध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ नावाचं ॲप काढलं. खणण्याआधी विचारा, एवढंच त्याचं म्हणणं. २०११ साली जॉर्जिया देशात पंचाहत्तर वर्षांची एक म्हातारी भंगारातलं तांबं शोधायला जमीन उकरत होती. तिच्या फावड्याचा घाव केबलवर बसला आणि शेजारच्या आर्मेनिया देशातलं बहुतेक सगळं इंटरनेट कित्येक तास बंद पडलं. मला त्या बाईची कीव येते. भाकरीसाठी तांबं उकरायला गेली, हाती काच लागली.

आता या सगळ्याचा आपल्याला उपयोग काय? तर नेट गेलं की पहिला प्रश्न ‘कधी येणार?’ हा नसून ‘कुठे गेलंय?’ हा विचारायचा. घरी फायबरची पेटी असेल तर तिच्यावरचे दिवे बघा. बहुतेक पेट्यांवर एलओएस अशी अक्षरं असलेला एक दिवा असतो. तो लाल झाला असेल तर पेटीपर्यंत उजेडच पोचत नाही, तार बाहेर कुठेतरी तुटली आहे. मग पेटी पन्नास वेळा बंद-चालू करून काही होणार नाही, तक्रार नोंदवायची आणि आपल्या कामाला लागायचं. तो दिवा लाल नसेल, बाकीचे दिवे ठीक असतील, तर एकदा पेटी बंद करून मिनिटभराने चालू करायला हरकत नाही. मग दुसरी एखादी साइट उघडून बघायची. दुसरं सगळं उघडतंय आणि एकच उघडत नाही, तर दोष त्या एकीचा. शेजाऱ्याला विचारायचं. शेजाऱ्याची कंपनी वेगळी असेल तर फार उत्तम, विजेच्या दिव्यासारखा हिशोब लगेच होतो.

दोष पलीकडे असतो म्हणजे काय, ते ४ ऑक्टोबर २०२१च्या रात्री आपण सगळ्यांनी बघितलं. रात्री नऊनंतर फेसबुक, व्हॉट्सॲप, इन्स्टाग्राम एकदम गप्प झाले, ते सुमारे सहा तास. कुठेही तार तुटली नव्हती. इंटरनेटवर प्रत्येक नावामागे एक आकड्यांचा पत्ता असतो आणि त्या पत्त्याकडे जाणाऱ्या वाटा कंपन्या सतत एकमेकींना सांगत असतात. देखभालीच्या कामात एक चुकीची आज्ञा गेली, कंपनीची स्वतःची केंद्रं एकमेकांपासून तुटली, आणि त्यापाठोपाठ तिच्या घराकडे जाणाऱ्या वाटा जगाच्या नकाशावरून पुसल्या गेल्या. घर जागेवर, दिवे चालू, पण गल्लीचं नावच कुणाला सापडेना. दुरुस्तीसाठी अभियंत्यांना स्वतः त्या इमारतींत जावं लागलं, आणि कडक बंदोबस्तामुळे आत शिरायलाही वेळ लागला. इकडे आपल्या लोकांनी काय केलं? सिम काढून पुसलं. रिचार्ज मारले. आमच्या गल्लीतल्या एकाने व्हॉट्सॲप काढून टाकून पुन्हा घ्यायचा घाट घातला आणि वडिलांचे जपून ठेवलेले आवाजी निरोप कायमचे घालवले. वडील त्याच वर्षी वारले होते. म्हणून सांगतो, दोष कुठे आहे हे कळेपर्यंत आपल्या फोनातलं काही पुसायचं नाही.

कधीकधी नेट मुद्दाम बंद केलं जातं, तीही एक जात आहे. राजस्थानात सप्टेंबर २०२१मध्ये शिक्षकभरतीच्या परीक्षेत कॉपी होऊ नये म्हणून जिल्हेच्या जिल्हे बंद होते. जून २०२३मध्ये कोल्हापुरात तणाव झाला तेव्हाही बंद झालं. सरकारला हा अधिकार कायद्याने आहे. पण अशी बंदी बेमुदत घालता येत नाही आणि तिचा आदेश लोकांना बघायला मिळाला पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२०मध्ये काश्मीरच्या खटल्यात सांगितलं. त्याच वर्षी एका आदेशाला जास्तीत जास्त पंधरा दिवसांची मर्यादाही नियमांत आली. अफवा थांबावी म्हणून नेट बंद करतात हे मला कळतं. अफवा पसरताना मी जवळून बघितली आहे. पण नेट बंद झालं की अफवा तोंडी पसरते, आणि ती खोटी आहे हे सांगायला कुणाकडे साधन उरत नाही. अशा दिवसांत मशिदीतला आणि देवळातला भोंगा, पोलीस पाटील, तंटामुक्ती समितीतली चार शहाणी माणसं यांचीच मदत होते. त्यांचे फोन नंबर आधीपासून जवळ हवेत. साधा फोन आणि साधा एसएमएस बऱ्याचदा चालू असतो, हे अशा वेळी लोकांच्या लक्षातच येत नाही.

माझ्यासाठी खरी परीक्षा आली ती ३ जून २०२० रोजी. निसर्ग चक्रीवादळ त्या दिवशी दुपारी रायगडच्या किनाऱ्यावर आलं. आमचं गाव बाणकोटच्या खाडीच्या अलीकडे, मंडणगड तालुक्यात. ईद होऊन दीड आठवडा झाला होता, कोरोनामुळे सगळे घरीच होते. दोन-तीन तासांत पत्रे उडाले, आंबे, पोफळी, विजेचे खांब आडवे झाले. गंमत म्हणजे संध्याकाळपर्यंत फोनवर रेंज दिसत होती. टॉवरला स्वतःची बॅटरी असते, कुठे डिझेलचं जनरेटरही असतं, त्यावर तो काही तास तग धरतो. रेंज दिसते, पण बोलणं होत नाही. कारण टॉवरलाही पुढे तारच जोडलेली असते आणि आमच्याकडची ती तार त्याच आडव्या झालेल्या खांबांवरून गेलेली. रात्री रेंजही गेली. वीज तर कित्येक आठवडे आली नाही.

गावातल्या आम्हा लोकांना तसा धीर होता. एकमेकांना बघत होतो. कुणाचं डोकं फुटलं, कुणाचा गोठा पडला, पण माणसं सगळी जिवंत आहेत हे आम्हाला पहिल्या रात्रीच कळलं. हाल झाले ते बाहेरच्यांचे. खालाचा मुलगा अजून कुवेतलाच होता. विमानं बंद. वादळ आपल्या घरावरूनच गेलं, हे तो टीव्हीवरच्या नकाशात बघत होता आणि घरी ब्याऐंशी वर्षांची आई. बारा वर्षांपूर्वी जी शंका तिला आली, ती आता त्याला येत होती.

पाचव्या दिवशी गावातली दोन पोरं कोयते घेऊन मोटरसायकलवर निघाली. वाटेतली झाडं तोडत, गाडी उचलून नेत खेडच्या बाजूला जाऊन रेंज मिळेल तिथून फोन करायचे, असं ठरलं. बरोबर एक वही दिली. त्रेचाळीस घरं, प्रत्येक घरातल्या मुंबईच्या आणि आखातातल्या माणसांची नावं आणि नंबर. वही लिहायला बसलो तेव्हा खरी गोम कळली. निम्म्या घरांत कुणालाही आपल्या पोराचा नंबर पाठ नव्हता. नंबर फोनात, फोन बंद, चार्जिंगला वीज नाही. एका घरात लग्नपत्रिकेच्या पाठीवर नंबर सापडला, एका घरात देवघरातल्या पंचांगावर, आमच्या खालाकडे तिच्या पानदानाच्या झाकणाच्या आतल्या बाजूला खडूने लिहिलेला. पोरं संध्याकाळी परतली. कुवेतचा फोन लागला होता. ‘‘पत्रे गेले, माणसं आहेत,’’ एवढंच त्यांनी सांगितलं, कारण पुढचे नंबर लावायचे होते आणि बॅटरी संपत आली होती. तरी त्रेचाळीसपैकी सतरा घरांचे निरोप राहिलेच.

पूर्वी पत्राच्या पहिल्या ओळीत खुशाली असायची, मग ‘पत्रास कारण की’. खुशाली पोचायला आठ दिवस लागणार हे दोन्ही टोकांना ठाऊक असायचं, म्हणून आठ दिवस कुणी घाबरत नसे. आता निळ्या खुणा पाच मिनिटांत दिसल्या नाहीत तर आपण घाबरतो. तार तुटण्याचं प्रमाण वाढलेलं नाही, आपली वाट बघण्याची ताकद कमी झाली आहे. तेव्हा शांततेचा अर्थ काय घ्यायचा, हे आधीच ठरवून ठेवलं पाहिजे. आम्ही गावात ते ठरवलं. प्रत्येक कुटुंबाने लांबच्या गावातलं एक तिसरं घर निवडायचं, जिथे तेच वादळ पोचणार नाही. आमचं तिसरं घर म्हणजे पुण्याची माझी आपा. संकटात सगळ्यांनी सगळ्यांना फोन करायचे नाहीत, फक्त आपाला एसएमएस करायचा. कुवेत, मुंबई, मस्कत, सगळ्यांनी तिलाच विचारायचं. एसएमएसला जागा फार थोडी लागते, बोलणं होत नाही अशा क्षीण रेंजमध्येही तो कधीकधी निसटून जातो. दुसरं, फोन दिवसभर चालू ठेवायचा नाही. रेंज शोधून शोधून तो बॅटरी खातो. विमानाचं चिन्ह असलेलं बटण दाबून ठेवायचं आणि सकाळी आठला व रात्री आठला दहा मिनिटं उघडायचा. दोन्ही टोकांना वेळ माहीत असली की पुरतं. जीवावरचा प्रसंग असेल तर ११२ लावून बघायचा. आपल्या कंपनीची रेंज नसली तरी दुसऱ्या कुठल्याही कंपनीच्या टॉवरवरून तो लागू शकतो.

दोन कंपन्यांची दोन सिम ठेवा, असं सगळेच सांगतात. ठेवावीतच. पण दोन सिम म्हणजे दोन वाटा, असं धरून चालू नका. आमच्याकडे एकाच टॉवरवर दोन-दोन कंपन्यांनी आपापली पेटी टांगलेली असते आणि खालून तार एकच. अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात जुलै २००१मध्ये रेल्वेच्या एका बोगद्यात मालगाडी घसरून आग लागली. त्या बोगद्यातून बऱ्याच कंपन्यांच्या केबल गेल्या होत्या, त्या एकदमच वितळल्या. कॅनडात ८ जुलै २०२२ला रॉजर्स ही एकच कंपनी दिवसभर बंद पडली, तर देशभरातली डेबिट कार्डं चालेनाशी झाली, कारण कार्डांचा व्यवहार सांभाळणारी इंटरॅक ही संस्था त्याच कंपनीवर अवलंबून होती. दुसरी वाट तिने त्यानंतर घेतली. तेव्हा सिम घेताना गावातल्या जुन्या माणसाला विचारा, मागल्या वेळी एकाची रेंज गेली तेव्हा दुसऱ्याची टिकली होती का? तोच खरा पुरावा.

पैशांचं म्हणाल तर घरात आठवड्याच्या किराण्या-औषधाएवढी रोकड असावी, आणि तीही सुट्टी. वादळानंतर पाचशेची नोट मोडून द्यायला कुणी तयार नव्हतं. नेट नाही पण फोनची रेंज आहे अशा वेळी *९९# लावून बँकेतले थोडे पैसे पाठवता येतात, साध्या फोनवरूनही. २०२२ पासून ‘यूपीआय १२३पे’ नावाची नुसत्या फोन कॉलवर चालणारी सोयही आहे. मात्र दोन्हींची तयारी नेट चालू असतानाच करून, एकदा दहा रुपये पाठवून बघायचे. पाण्यात पडल्यावर पोहायला शिकता येत नाही, तसंच हे.

कागदाची लाज वाटून घेऊ नका, असं मी आमच्या मुलांना सांगतो. डॉक्टरची चिठ्ठी, विम्याचा क्रमांक, दाखले यांची एकेक प्रत प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ठेवावी. १९ जुलै २०२४ला एका सुरक्षा-सॉफ्टवेअरच्या चुकीच्या सुधारणेने जगभरातले लाखो संगणक आडवे झाले. तेव्हा नेट शाबूत होतं, तरी आपल्या विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहून दिले गेले आणि विमानं उडाली. प्रवेशाचे, शिष्यवृत्तीचे अर्ज शेवटच्या दिवशी भरू नयेत, हे तर ठिकठिकाणचे सायबर कॅफेवाले घसा फोडून सांगत असतात. तुमची तार शाबूत असली तरी त्या रात्री पलीकडचं दार गर्दीने बंद झालेलं असतं. आणि बॅटरीवरचा एक छोटा रेडिओ घरात असू द्या. आकाशवाणीवर बोलतोय म्हणून सांगत नाही. वादळानंतरच्या त्या पाच दिवसांत आम्हाला बाहेरची बातमी दिली ती एका गुराख्याच्या रेडिओनेच.

नंबरांची ती वही पुढे मी एका मोठ्या कागदावर उतरवून घेतली. आमच्या घरी तो स्वयंपाकघराच्या दाराच्या मागे चिकटवलेला आहे. यंदा पावसाळ्याआधी तो नव्याने लिहिला. खालाचं नाव आता त्यात नाही. तिचा मुलगा कुवेत सोडून कायमचा गावी आला, म्हणून त्याचा जुना नंबर खोडून इथला घातला. त्याच्या खाली त्याच्या लेकीचा नंबर आहे, मस्कतचा. तिचा फोन शुक्रवारी रात्री येतो. आला नाही, तर तो आधी पुण्याला आपाला विचारतो.